अनुदान मिळते कामानंतर, पण ठरते कामाआधी

घराच्या छतावर सौर संच बसवण्यापूर्वी काय तपासावे? एका व्यापाऱ्याचा अनुभव आणि हिशेब

मालेगावच्या कापडबाजारात माझी तीस वर्षे गेली. ग्रे कापडाचा ताका हातात आला की त्याचे रीड-पीक बोटाने चाचपून पाहावे आणि सुताचा नमुना पाहिल्याशिवाय गठाणीचे पैसे देऊ नयेत, ही शिस्त वालिदसाहेबांनी लावली होती. असा माणूस स्वतःच्या घराच्या छतावर मात्र न तपासलेला माल चढवून बसला आणि ७८ हजार रुपयांच्या सरकारी अनुदानाला मुकला. ही हकीकत सांगण्यात काही मोठेपणा नाही. पण हल्ली दुकानावर बसले की रोज कोणी ना कोणी विचारतो, "सेठ, सोलर लावायचे आहे, कसे करायचे?" प्रत्येकाला वेगवेगळे सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकलेले बरे.

२०२४ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. एप्रिलचे घराचे बिल ३५० युनिटांचे आले. वर दोन मुलांचे संसार, पंखे, कूलर, पाण्याची मोटर. त्याच आठवड्यात बाहेरगावचा एक एजंट दुकानावर आला. तीन किलोवॉटचा संच त्याने १ लाख ४८ हजारांत सांगितला. गावातल्या एका दुकानदाराने त्याच संचाचे १ लाख ८० हजार सांगितले होते. मी विचारले, "एवढा फरक कशाचा?" तो म्हणाला, "सेठ, माल परदेशी आहे, म्हणून स्वस्त पडतो." मी विचारले, "आणि सबसिडी?" त्याचे उत्तर तयार होते, "सबसिडी तर नंतरच मिळते. आधी संच बसू द्या."

आठ दिवसांत संच बसला. मग धाकटा मुलगा सरकारी पोर्टलवर अर्ज भरायला बसला आणि एकेक दरवाजा बंद होत गेला. वीजबिल वालिदसाहेबांच्या नावावर, त्यांना जाऊन अकरा वर्षे झालेली. संच बसवणाऱ्याचे नाव नोंदणीकृत विक्रेत्यांच्या यादीत नाही. पॅनेल परदेशी, म्हणजे अनुदानाला अपात्र. आणि सर्वात मोठी गोष्ट म्हणजे काम आधी झालेले, अर्ज मागाहून.

आता व्यापाऱ्याचा हिशेब पाहा. गावातला संच १ लाख ८० हजारांचा. त्यातून ७८ हजार परत आले असते, तर खिशातून गेले असते १ लाख २ हजार. माझे गेले १ लाख ४८ हजार. म्हणजे ३२ हजार वाचवायला गेलो आणि ४६ हजारांनी महाग पडले.

तो एजंट अगदीच खोटे बोलला असेही नाही. सबसिडी नंतरच मिळते, हे खरे आहे. पण ती मिळणार की नाही, हे आधीच ठरते. मीटर कशाचे, बिलावर नाव कोणाचे, छत कोणाचे, माल कोणता, विक्रेता कोण, अर्ज केव्हा केला, या सगळ्या गोष्टींचा निकाल पहिला खिळा ठोकण्याआधी लागलेला असतो. या लेखात सांगायचे ते एवढेच. बाकीचा सगळा तपशील.

योजना काय आहे

या योजनेचे नाव 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना'. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी ती जाहीर झाली आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. तरतूद ७५ हजार २१ कोटी रुपयांची, उद्दिष्ट देशभरातल्या १ कोटी घरांचे आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत.

अनुदानाचा दर असा: पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३० हजार रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला १८ हजार. म्हणजे एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीनला ७८ हजार. त्यापुढे पाच बसवा की दहा, रक्कम ७८ हजारच राहते. गृहनिर्माण सोसायटीच्या सामायिक वापरासाठी, म्हणजे जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप, लिफ्ट यांसाठी, किलोवॉटला १८ हजार रुपये आहेत.

एक किलोवॉटच्या संचातून महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट वीज मिळते आणि त्याला सुमारे १०० चौरस फूट मोकळे, ऊन लागणारे छत लागते. महिन्याचा वापर १५० युनिटांपर्यंत असेल तर एक ते दोन किलोवॉट आणि ३०० पर्यंत असेल तर दोन ते तीन किलोवॉट पुरतात. बारा महिन्यांची बिले काढून बेरीज करावी आणि मग आकडा ठरवावा. केवळ मेचे बिल पाहून संच घेणे म्हणजे ईदच्या आठवड्याची विक्री पाहून वर्षभराचा माल भरण्यासारखे आहे.

मीटर घराचे की कारखान्याचे?

आपल्या वस्तीत सर्वात जास्त घोळ होतो तो इथेच. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या गावांत खाली लूम आणि वर बिऱ्हाड अशी हजारो घरे आहेत. हे अनुदान फक्त घरगुती वीजजोडणीला आहे. यंत्रमागाच्या जोडणीला नाही, दुकानाच्या जोडणीला नाही, गोदामाच्याही नाही. बिलावर ग्राहकाचा वर्ग छापलेला असतो. तो आधी वाचावा. खाली यंत्रमागाचे आणि वर घरगुती असे दोन वेगळे मीटर असतील, तर वरच्या मीटरसाठी अर्ज करता येतो. पण सबंध इमारतीला एकच मीटर असेल आणि ते यंत्रमागाच्या दराचे असेल, तर आधी घरासाठी वेगळी जोडणी घ्यावी लागेल. ती हातात येईपर्यंत सोलरवाल्याला बयाणा देऊ नये.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. काही लोक घरगुती मीटरवर खाली दोन-चार माग चालवतात. अशांच्या घरी सोलरच्या तपासणीसाठी वीज कंपनीचा माणूस येणारच. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापराची आकारणी त्या वर्गाच्या दराच्या दुप्पट होते. अनुदान मिळवायला जावे आणि दंड भरून परत यावे, अशी गत होईल. पहिले जोडणी नीट करून घ्यावी.

घरात बसून शिलाई, जरीकाम किंवा पॅकिंग करणाऱ्या कारीगरांना मात्र घाबरण्याचे कारण नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या दरआदेशात सोय आहे की, राहत्या घराच्या एका भागात कामधंदा चालत असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटांच्या आत, मागील वर्षाचा वापर ३,६०० युनिटांच्या आत असेल, तर घरगुती दरच लागतो. घरात एक शिलाई मशीन आहे म्हणून मीटर व्यापारी ठरत नाही. कोणी तसे सांगून भीती घालत असेल तर हा नियम दाखवावा.

बिलावरचे नाव

आमच्याकडे घर वाटून घेतले जाते, दुकान वाटले जाते. वीजबिल मात्र आजोबांच्या नावावरच राहते. बिल भरले जाते, वीज येते, कोणाचे काही अडत नाही. अडते ते अशा वेळी. अनुदान थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. म्हणून बिलावरचे नाव आणि खात्यावरचे नाव एकच असावे लागते. मयत माणसाच्या नावे ते कुठल्या खात्यात येणार?

नाव बदलण्यासाठी वीज कार्यालयात अर्ज, मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती किंवा मालकीचा दुसरा कागद आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत अशी कागदपत्रे लागतात. मागील थकबाकी असेल तर काम तिथेच थांबते. भाऊ-भाऊ एका घरात असतील तर ना-हरकत सहज मिळते. एखादी बहीण दुसऱ्या गावी दिली असेल तर तिच्या सहीसाठी महिना जातो. हा वेळ आधीच धरून चालावा.

दुसरी अडचण आपल्या नावांच्या लेखनाची. मी उर्दू माध्यमात शिकलो. शाळेच्या दाखल्यावर नाव उर्दूत, रेशनकार्डावर मराठीत, आधारवर इंग्रजीत. लिहिणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे कुठे 'मोहम्मद', कुठे 'मुहम्मद', कुठे नुसते 'मो.'. 'शेख' कधी नावाच्या आधी, कधी नंतर. 'अन्सारी' कुठे आहे, कुठे नाहीच. माणसाला माणूस ओळखतो, पण संगणक अक्षराला ओळखतो. म्हणून वीजबिल, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक हे तीन कागद एका टेबलावर शेजारी ठेवावेत आणि नाव अक्षर-अक्षर जुळवून पाहावे. फरक दिसला तर आधी तो दुरुस्त करून घ्यावा. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि याला एक पैसाही लागत नाही.

छत कोणाचे, कसले?

अर्जदाराचे स्वतःचे घर हवे आणि त्याच्या छतावर त्याचा हक्क हवा. पागडीच्या खोलीत राहणाऱ्याला किंवा चार मजली इमारतीतल्या एका फ्लॅटवाल्याला गच्ची परस्पर वापरता येत नाही. त्याला मालकाची किंवा सोसायटीची लेखी संमती घ्यावी लागेल. तोंडी 'हो' वर विसंबून काम केले आणि पुढे घर विकले गेले, तर संच कोणाचा, हा वाद उभा राहतो. भावंडांचे सामाईक छत असेल तरीही चार ओळी लिहून घ्याव्यात. आज मने जुळलेली आहेत, तेव्हाच कागद करणे सोपे.

पत्र्याच्या छतावर संच बसू शकतो, पण खालचे लोखंड वजन पेलणारे हवे. जुने सिमेंटचे पत्रे यासाठी योग्य नाहीत. सावलीचाही विचार करावा. पाण्याची टाकी, शेजारची भिंत, मोबाइलचा टॉवर यांची सावली दुपारी कुठे पडते, ते स्वतः वर जाऊन पाहावे. आपल्या गल्ल्या अरुंद आहेत. दक्षिणेकडच्या शेजाऱ्याने उद्या आणखी एक मजला चढवला तर पॅनेल अंधारात जातील. त्याचा तसा विचार आहे का, हे चहा पिता पिता विचारून घ्यावे.

यंत्रमागाच्या गावात आणखी एक गोष्ट. मागांचा कापूस-कचरा हवेत उडतो, सायझिंगच्या चिमण्यांची काजळी गच्चीवर बसते. पॅनेलवर तो थर साचला की वीज कमी होते. म्हणून वर नळ आणि चढायला नीट जिना असावा, आठ-पंधरा दिवसांनी पॅनेल धुता यावेत, अशी मांडणी आधीच करून घ्यावी.

माल आणि विक्रेता

अनुदानासाठी पॅनेल भारतात बनलेले हवेत आणि त्यांच्या आतील सेलही भारतात बनलेले हवेत. बाजारात अशा मालाला 'डीसीआर' म्हणतात. परदेशी सेल आणून इथे नुसती जोडणी केलेला माल चालत नाही. कोटेशनवर 'डीसीआर' हे शब्द लिहून घ्यावेत. माल उतरल्यावर प्रत्येक पॅनेलवरचा अनुक्रमांक आपल्या वहीत उतरवावा, फोटो काढून ठेवावा आणि बिलावरही तो टाकायला लावावा. आपण गठाणीवरचा मार्का आणि नंबर पाहतो, तसेच हे.

विक्रेता राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला असावा. यादी पोर्टलवरच दिसते. तिथून नाव निवडायचे असते. 'मी कंपनीचा माणूस आहे' असे सांगणारा प्रत्येक जण त्या यादीत असतोच असे नाही. विक्रेत्याशी करायच्या कराराचा नमुना ठरलेला आहे. संच चालू झाल्यापासून पाच वर्षे देखभालीची जबाबदारी विक्रेत्याची आहे. त्यामुळे ३०० किलोमीटरवरून येणाऱ्यापेक्षा जवळचा, दुकान असलेला माणूस बरा. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत: काही कराराच्या वेळी, काही माल उतरल्यावर, बाकी संच चालू झाल्यावर. सगळी रक्कम आधी मागणाऱ्याला नमस्कार करावा.

भावाबाबत एक सूचना. सौर उपकरणांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधीचे कोटेशन कोणी पुढे करत असेल तर ते बदलून घ्यावे.

अर्जाचा क्रम

पहिले, पोर्टलवर नोंदणी. तिथे राज्य, वीज कंपनी आणि ग्राहक क्रमांक भरायचा असतो. भिवंडी आणि मालेगावात वीजवाटपाचे काम फ्रँचायझीकडे आहे; तिथल्या लोकांनी हातातल्या बिलावरचा क्रमांक अंकाला अंक जुळवून भरावा, शेजाऱ्याच्या किंवा जुन्या बिलावरून नव्हे. दुसरे, अर्ज आणि त्याला वीज कंपनीची संमती. २०२४ मध्ये बदललेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे १० किलोवॉटपर्यंतच्या संचासाठी वेगळी तांत्रिक पाहणी लागत नाही. तरीही अर्जाचा क्रमांक आणि संमतीचा कागद हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिसरे, विक्रेता निवडून करार. चौथे, संच बसवणे. पाचवे, नेट मीटरचा अर्ज, वीज कंपनीची तपासणी, मीटर बसणे. सहावे, संच चालू झाल्याचा दाखला. त्यानंतर बँक खात्याचा तपशील आणि रद्द केलेला धनादेश पोर्टलवर चढवायचा. सर्व बरोबर असेल तर साधारण ३० दिवसांत रक्कम खात्यात येते, असे योजनेत म्हटले आहे.

म्हणजे सहा पायऱ्यांत छतावरचे काम चौथे आहे. मी चौथ्या पायरीवरून चढायला सुरुवात केली.

अर्जाला शुल्क नाही. 'फॉर्म भरायचे दोन हजार' मागणारा स्वतःच्या मेहनतीचे मागत असेल तर तो सौदा वेगळा, पण ती सरकारी फी नव्हे. फोनवर येणारे ओटीपी कोणाला सांगू नयेत. आपल्या नावाचा अर्ज आपल्याच मोबाइल क्रमांकावरून करावा. एजंटच्या क्रमांकावरून केला तर पुढचे सगळे निरोप त्याच्याकडे जातील.

आणि एकाच घराने सौर पॅनेलसाठी आधी दुसरे सरकारी अनुदान घेतले असेल, तर ते या योजनेला पात्र नाही. वडिलांच्या काळात काही घेतले होते का, हे घरात विचारून घ्यावे.

कमी वापर असलेल्या घरांसाठी

रोजंदारीवर लूम चालवणारे, कांडी भरणारे, शिलाई करणारे यांना वाटते की सोलर म्हणजे बंगलेवाल्यांची चैन. पण महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची पूरक योजना मंजूर केली आहे. ती दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी आणि महिन्याला १०० युनिटांपेक्षा कमी वीज वापरणाऱ्यांसाठी आहे. एक किलोवॉटच्या संचाला केंद्राचे ३० हजार रुपये, त्यावर राज्याची भर. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला राज्याकडून १७ हजार ५०० आणि त्याला स्वतःला भरायचे सुमारे २,५०० रुपये. सर्वसाधारण गटातल्या कमी वापराच्या ग्राहकाला राज्याकडून १० हजार, स्वतःचे सुमारे १० हजार. अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकांना राज्याकडून १५ हजार, स्वतःचे सुमारे ५ हजार.

इथेही पात्रता आधीच ठरते. बिलांवर १०० चा आकडा ओलांडला की या पूरक मदतीचा रस्ता बंद. आणि ज्याने घाईने उधार-उसनवारी करून आधीच छोटा संच बसवला, त्यालाही मागाहून काही मिळणार नाही. ज्यांची लाभार्थींची मर्यादा ठरलेली आहे अशा योजनांत कागद तयार असणारा पुढे जातो. म्हणून नाव, मीटर आणि खाते यांची दुरुस्ती आजच करून ठेवावी.

पैशाची सोय

अनुदान नंतर येते, म्हणजे आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते. सरकारी बँका तीन किलोवॉटपर्यंतच्या संचासाठी दोन लाखांपर्यंत विनातारण कर्ज देतात. पण अनुदानासाठी कर्ज घेणे सक्तीचे नाही. हे स्पष्ट लिहितो, कारण आपल्यातले बरेच लोक व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहतात आणि 'कर्ज घेतले तरच सबसिडी' या गैरसमजाने अर्जच करत नाहीत. रोखीने घेणाऱ्यालाही तेवढेच अनुदान मिळते. मात्र धंद्याच्या भांडवलातून पैसे काढताना विचार करावा. सुताचे पैसे आठ दिवसांत चुकते करायचे असताना ते दोन महिने छतावर अडकले, तर बाजारात नाव जाते. बिसीची पाळी किंवा वार्षिक वसुलीच्या वेळी काम काढावे.

दोन गैरसमज

पहिला गैरसमज, सोलर लावले की लोडशेडिंगची कटकट संपली. तसे नाही. या योजनेतला नेहमीचा संच ग्रिडला जोडलेला असतो. वीज गेली की सुरक्षेसाठी तोही बंद पडतो, कारण लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये. दिवसा वीज गेल्यावर पंखा चालवायचा असेल तर बॅटरी वेगळी घ्यावी लागते आणि तिचा खर्चही वेगळा.

दुसरा गैरसमज, बिल शून्य येईल. युनिट शून्य आले तरी स्थिर आकार लागतोच. जाहिरातीतला 'मुफ्त' हा शब्द तेवढ्यापुरताच घ्यावा.

आणि संच घेण्याआधी घरातला वापर कमी करावा. जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, बीएलडीसी मोटरचा नवा पंखा ३० ते ३५ वॉटमध्ये तीच हवा देतो. त्याला या योजनेत अनुदान नाही, पण सहा पंखे बदलले तर कदाचित तीनऐवजी दोन किलोवॉटमध्ये भागेल. पहिले गळती बंद करावी, मग टाकी मोठी घ्यावी.

हा धडा जुनाच आहे

खरे तर आम्हा कापडवाल्यांना हे नवीन नाही. १९९९ मध्ये टफ्स योजना आली, पुढे २०१६ मध्ये तिचे सुधारित रूप आले. त्यात मशीन यादीतल्या कंपनीचेच हवे, अर्जाचा क्रमांक हवा, मग संयुक्त तपासणी. ज्यांनी आधी मशीन उभे केले आणि मग कागद शोधले, त्यांच्या फायली वर्षानुवर्षे फिरल्या. ती योजना ३१ मार्च २०२२ रोजी संपली. १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडीत 'पॉवरटेक्स इंडिया' सुरू झाली. तिच्यात छोट्या यंत्रमाग कारखान्यांसाठी सौर संचाला मदत होती. तीही आता बंद आहे. आजही कोणी एजंट त्या जुन्या योजनेचे पत्रक दाखवून कारखान्याच्या सोलरला पन्नास टक्के सबसिडी सांगत असेल, तर पत्रकावरची तारीख वाचावी. योजनेला मुदत असते आणि ती संपल्यावरही पत्रके बाजारात फिरत राहतात.

शेवटी

गेल्या वर्षी सायझिंगमधला एक तरुण फिटर माझ्याकडे आला. "चाचा, तुमच्या छतावर आहे, मलाही दोन किलोवॉट लावायचे आहे. कोणाला बोलवू?" मी म्हणालो, "बेटा, आत्ता कोणालाच बोलावू नकोस. आधी बिल घेऊन ये." बिल त्याच्या मयत आजोबांच्या नावावर होते. वारसांच्या ना-हरकती, नावबदल, आधारमधली दुरुस्ती यांत त्याचे अडीच महिने गेले. मध्येच कंटाळून म्हणाला, "चाचा, लोकांचे आठ दिवसांत बसते." मी त्याला वर नेले आणि माझे पॅनेल दाखवले. "हे आठ दिवसांत बसले," एवढेच म्हणालो.

त्याचा संच पावसाळ्यानंतर बसला. महिन्याभराने तो दुकानावर आला, मोबाइल पुढे केला. बँकेचा निरोप होता, ६० हजार जमा. त्याने त्यातून बहिणीच्या लग्नाची उधारी फेडली.

वाचकांनी हे सात प्रश्न कागदावर लिहून घ्यावेत आणि एकेकाला उत्तर मिळाले की खूण करावी. मीटर घरगुती आहे का? बिलावरचे नाव हयात माणसाचे आणि आधार-पासबुकाशी जुळणारे आहे का? छतावर माझा लेखी हक्क आहे का? घराने पूर्वी सौर अनुदान घेतले नाही ना? विक्रेता पोर्टलच्या यादीत आहे का? पॅनेल डीसीआर आहेत, असे कोटेशनवर लिहिले आहे का? आणि ज्या दिवशी काम काढायचे, त्या दिवशी योजनेची मुदत आणि रक्कम पोर्टलवर पुन्हा पाहिली का? सातही खुणा झाल्या की मगच अर्ज करावा, आणि अर्जाला संमती आली की मगच शिडी लावावी.